लग्नाला न आलेला साक्षीदार

अप्पा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मीही आता तुमच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे आले. मोंबासाच्या या घरात बसून तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहिते आहे. माझं इथलं सगळं चांगलं झालं, हे आधीच सांगून टाकते.

कोळीवाड्यातल्या मुलाशी मी तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलं. ते मुंबईला गोदीत फिटर होते. तिथेच एका मित्राच्या घरी चार माणसांत, भटजींसमोर आमचं लग्न लागलं. पुढे त्यांना आफ्रिकेत, मोंबासाच्या बंदरात नोकरी मिळाली आणि मी मुरुडला सासूबाईंजवळ राहिले. तुमची वाडी तिथून हाकेच्या अंतरावर, पण मी दिसले की तुम्ही रस्ता ओलांडायचात. बायकोला बोलावून घेता येतं असं त्यांचं पत्र आलं, तेव्हा मी एकटीच परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी मुंबईच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाले, लग्नाचा दाखला कुठे आहे? दाखला नव्हता. भटजी तोवर वारले होते. "मग तुमच्या माहेरचं वडीलधारं माणूस आणा. सासरच्यांचं सांगणं चालणार नाही."

मी परतले ती थेट वाडीत आले. तुम्ही पोफळींना पाणी लावत होता. कुंपणाबाहेर उभी राहून मी म्हटलं, "अप्पा, मला आशीर्वाद नको, काही नको. माझं लग्न झालंय, एवढं साहेबांना सांगायला या." तुम्ही वळून पाहिलं नाहीत. पाटाचं पाणी दुसऱ्या आळ्यात वळवलंत, बस्स. मी तशीच घरी गेले, पण रडले नाही. मी मागितलं त्यात चूक काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी कोट, काळी टोपी, बगलेत छत्री अशा थाटात तुम्ही सासूबाईंच्या दारात उभे. माझ्याकडे न बघता त्यांना म्हणालात, "तिला म्हनावं आटप. साळावची तर चुकल." साळावला तरीच्या होडीतून खाडी ओलांडली, एस.टी.नं रेवस गाठलं, लाँचनं भाऊचा धक्का. वाटेत तुम्ही माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "मुलीच्या लग्नाला तुम्ही हजर होतात?"

"न्हाय."



"मग लग्न झालं हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"सायब, मी हिला नको म्हटलेलं. हिनं ऐकलं न्हाय. त्या दिवसापास्नं मी हिच्याशी बोललो न्हाय. हिची आई रोज रडते, तरी बोललो न्हाय. लगीन झालं नसतं, तर मी कशापायी ह्ये भोगलं असतं?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि आता? आता बोलता का?"

"तिच्यासाठी बोलतोय नव्हं? तिच्याशी बोलायचं मग बघू."

साहेब हसले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला. माझा परवाना झाला.

बाहेर पायरीवर तुम्ही टोपी काढून घाम पुसलात. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणालात, "तिकडं नारळ मिळतात का गं?"

"मिळतात, अप्पा. समुद्रकाठचंच गाव आहे."

"मग ठीक हाय."

आपण पुन्हा बोलायला लागलो ते असं. मग लाँचवर तुम्ही बोटीविषयी विचारलंत, तिथल्या पावसाविषयी विचारलंत, मुरुड येईपर्यंत विचारतच राहिलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. कचेरीत तुमच्या शेजारी उभी असताना माझी तयारी झाली होती. तुम्ही लग्न झालंच नाही म्हणाला असतात, तर हा माणूस माझा बाप नाही, असं मी साहेबांना सांगणार होते.