आईच्या गाण्याखालचा आवाज

दि. ९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. इकडे बाबांचं खाणं, औषधं वेळेवर चालू आहेत. मी कवळ्या बनवतेय, लोक चावताहेत. तू पाठवलेला शुश्रूषा केंद्राचा फॉर्म मिळाला. त्याबद्दल खाली लिहिते. आधी दुसरं सांगू दे.

हसू नकोस, पण मी कीबोर्डच्या क्लासला जाते. बावन्नाव्या वर्षी! बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण दरडावतात सासूसारख्या. त्या म्हणतात, चालीमागे धावू नका, तळाचा सूर धरा, म्हणजे कुठली कॉर्ड, एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुडी, वाजतेय ते कळतं. कॉर्डना नंबर असतात आणि त्याही ठरलेल्या रांगेत येतात म्हणे. एक, सहा, चार, पाच ही सगळ्यांत वापरातली रांग. पाचावर थांबलं की कान अडून बसतो, एक आल्याशिवाय सुटका नाही. पहिले दोन महिने मला काडीचं कळलं नाही. मग एक दिवस बसमध्ये, वाण्याच्या दुकानात, शेजारच्या रेडिओवर, जिकडेतिकडे एक-सहा-चार-पाच ऐकू यायला लागलं.

गेल्या आठवड्याचा गृहपाठ होता, घरातलं कुठलंही गाणं घ्या आणि तळाचे सूर लिहून आणा. मी आईची टेप काढली. कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणायची ते गाणं, तिच्या शेवटच्या आजारपणात मी रेकॉर्ड केलेलं. त्यात एकही वाद्य नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही बघ. ऐकलं तसं लिहिलं आणि वही, टेप घेऊन गेले.

बाईंनी टेप दोनदा ऐकली. म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. पण हे खाली गाणारे कोण? कुठे शिकले?"

दादा, मी बसल्या जागी गार पडले. तो पंप होता.

आपला पंप! आई गायला लागली की बाबांचं ते हूं-हूं सुरू व्हायचं आणि तू ओरडायचास, "पंप चालू झाला, बादल्या लावा!" नाव तू ठेवलंस, पण हसण्यात मीही मागे नव्हते. आईच्या सुराशी जुळत नाही म्हणून आपण त्यांना बेसूर ठरवून मोकळे झालो. ते तिला खालून आधार देत होते रे. छापखान्यात यंत्रावर जन्म काढलेला माणूस, कुणी काही शिकवलं नाही, आणि एक सूर चुकलेला नाही. मी तीनदा तपासलं.

आता ते सांगते, जे अकरा वर्षं टाळलं. टेप दोन कडव्यांनंतर थांबते. बॅटरी संपली असं मी तुला सांगितलं होतं. संपली नव्हती. मी म्हणाले होते, "बाबा, गप्प बसा ना जरा, टेप नासतेय." ते उठून जिन्यात जाऊन बसले. आई म्हणाली, "राहू दे आता," आणि तिसरं कडवं गायलीच नाही. त्यानंतर बाबांचं हूं तू कधी ऐकलंस का? मी नाही ऐकलं.

काल सकाळी कीबोर्ड त्यांच्या खाटेशी नेला. अर्धांगाचा झटका आल्यापासून पाच महिने तोंडातून शब्द नाही, तुला माहीतच आहे. मी आईची चाल वाजवली. ते भिंतीकडे बघत होते. दुसऱ्यांदा वाजवली आणि खालून आवाज आला. हूं. मी इतकी दचकले की शेवटच्या सुराआधीच बोट थांबलं. ते पाचावर अडकले. नळ उघडा ठेवला की आपल्याकडे बघायचे ना, तस्सं बघितलं माझ्याकडे, आणि एक स्वतःच लावला.

फॉर्मवर विचारलंय, 'रुग्णास भोवतालचे भान आहे का?' तू 'नाही' लिहून सहीपुरती जागा माझ्यासाठी ठेवलीस. मी ते खोडलंय. सही करणार नाही.

आणखी एक. दुसरं कडवं संपल्यावर बाबा थांबले नाहीत. तिसऱ्याचे तळाचे सूर ते एकटेच गात राहिले, माझ्या बोटांकडे बघत. त्या कडव्याची चाल वेगळी होती, मला ती येत नाही. तुझा गळा आईवर गेलाय. तुला आठवत असेल तर लवकर ये.

वाट बघतेय,
बाबांना गप्प करणारी,
तुझी धाकटी