उतारावरचा विक्रम

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामास, सा. न. वि. वि.

गुडघा सोडून इकडे सर्व ठीक. रविवारी तुझ्या भाचीने मॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आईने कळवलं असेलच. दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत कोणी सुटलेलं नाही. दोन शर्यतींतून हीच निवडली, कारण रस्ता तू मोजलेला. मामाने मोजला म्हणजे वीतभरही कमी भरायचा नाही. आता महासंघ म्हणतो, मोजणाऱ्याचा दाखला आला की विक्रम पक्का. तेवढा लगेच धाड. डॉक्टरांच्या मते या गुडघ्याची ही शेवटची शर्यत. म्हटलं, असू दे, त्याने आपलं काम केलंय. सायकल पुसत बसू नकोस, आधी उत्तर लिही.

तुझी लाडकी (दुसरी भाची नाहीच),
भिंगरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दाखला सोबत आहे, पण त्याने काम व्हायचं नाही. लांबी चोख आहे. प्रत्येक वळण आतल्या कडेने सायकल घालून, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात मोजलंय. पण विक्रमाला नुसती लांबी पुरत नाही. किलोमीटरमागे सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही. तुमची शर्यत डोंगरावरच्या तलावापाशी सुटते नि बंदरात संपते. उतार दुपटीने भरतो. संयोजकांना बजावलं होतं. ते म्हणाले, वेळ चांगली लागली की लोक पुढच्या वर्षीही येतात. मला चहा पाजला आणि पत्रकावर ‘प्रमाणित मार्ग’ असं ठळक छापलं. वाटलं, तू सरावापुरती धावतेयस. तू विचारलं नाहीस, मी बोललो नाही. उद्या महासंघाला उतार कळवीन. आज तुला कळवतोय, एवढंच मामापण हातात उरलंय.

रागाव, पण पत्र थांबवू नकोस.
मामा

ता. २० फेब्रुवारी

ती. मामास, सा. न.

महासंघाचं उत्तर आलं. वेळेची नोंद घेतली, विक्रम म्हणून नाही. आई हल्ली दूधवाला गेल्यावरच दार उघडते. तिला उतार समजावला, तर म्हणाली, पण धावलीस तूच ना? याला तुमच्या नियमांत काही उत्तर असेल तर कळव. तुझा राग आला. मग रागवायला दुसरं कोणी सापडेना, म्हणून आणखी आला.

ऑपरेशन सोमवारी. नंतर चालता येईल, धावणं विसरा, असं डॉक्टर हसत हसत म्हणाले. आईने विचारलं, मामा येईल का? मी म्हटलं, सायकलवर येईल. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत सगळा चढच आहे, त्याला चालेल.

लोभ आहे तसाच आहे, मोजायला जाऊ नकोस.
भिंगरी