चंदेरी रंगाचा एक हात

झाग्रेब, २ सप्टेंबर

ती. बाबांस,
यागोदाचा सा. न. वि. वि.

आंद्रोकाका बेटावर परत निघाले, त्यांच्याबरोबर एक खोका पाठवते आहे. आत टीव्हीला जोडायचा डबा आहे आणि डोलकाठीवर बसवायची नवी अँटेना. महिनाअखेर जुनं प्रक्षेपण बंद होणार. मग आईच्या त्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतील. दावोर म्हणाला की ही अँटेना बोटीबरोबर फिरवत बसावी लागत नाही. जावई छपरांवर अँटेना बसवतो, तेव्हा एवढा तरी विश्वास ठेवा.

ईस्टरला ठरलेलं लक्षात असेलच. आई गेल्यापासून तुम्ही घर सोडून बोटीवर राहता. हिवाळ्यात तिथे माणसाचा आवाजही नसतो, हे मला चालणार नाही असं मी म्हटलं. टीव्ही बोलतो की, असं तुम्ही म्हणालात. तो बोलतोय तोवर राहा, बंद पडला तर झाग्रेबला या, यावर तुम्ही दावोरच्या हातात हात दिलात. खरं सांगायचं तर खोका पाठवताना माझा हात जड झाला होता.

लोभ आहेच, थोडा काळजीत मुरलाय एवढंच.
तुमची,
यागोदा

कोमिझा, १४ सप्टेंबर

चि. यागोदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी हार झाली. डबा बसला, अँटेना चढली. आंद्रो खालून अक्कल शिकवत होता आणि मी वर लटकत होतो. त्याचीच बोट असल्यासारखा तो आता रोज संध्याकाळी येतो आणि माझी राकियाची बाटली संपवतो. पूर्वी वारा फिरला की बोट फिरायची आणि पंतप्रधानांना दोन डोकी यायची. आता बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावरची पावडरसुद्धा दिसते. हे पाहायची गरज होती असं नाही.

हवा कोरडी आहे तोवर डोलकाठीला चंदेरी रंगाचा हात मारून घेतो. माझ्या ‘बोनात्सा’ बोटीवर खाऱ्या हवेत बिनरंगाची राहिलेली एकही वस्तू नाही, हे तू लहानपणापासून बघते आहेस. तुझी सायकलसुद्धा मी त्याच रंगाने रंगवली होती आणि तू दोन दिवस रडत होतीस.

मुलींना पापे. दावोरला सांग, काम बरं करतो.
तुझा,
बाबा

कोमिझा, ३ ऑक्टोबर

चि. यागोदा हिस,
अनेक आशीर्वाद.

टीव्ही गेला. मुंग्यासुद्धा नाहीत, काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढंच लिहून येतं. मी आणि आंद्रोने वायर तपासली, बॅटरी बदलली, डबा दुसऱ्याच्या बोटीवर नेऊन पाहिला. तिथे चालतो. अँटेनेला दोष देऊ नकोस, तिची मी पोटच्या पोरीसारखी काळजी घेतली आहे. डोलकाठीबरोबर तिलाही ॲल्युमिनियमच्या रंगाचे दोन हात दिलेत. बंदराच्या तोंडापासून चमकते.

तर शब्द तो शब्द. मी येतो. पाद्रीबुवांना भेटून सांगितलं, डिसेंबरात संत निकोलाच्या दिवशी देवळापुढे दरवर्षी जुनी बोट जाळता, तर यंदा ‘बोनात्सा’ घ्या. ते म्हणाले, तिचं लाकूड अजून चांगलं आहे. मी म्हटलं, चांगलं आहे म्हणूनच नीट पेटेल. माणूस नसलेली बोट धक्क्याला कुजते, त्यापेक्षा तिची राख रिवाजाप्रमाणे नव्या बोटींच्या तळात पडली तर बरं. आंद्रो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

तुमच्या पाचव्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, हे माहीत आहे. माझ्यासाठी पडदे बदलू नकोस.
तुझा,
बाबा

झाग्रेब, ११ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दावोरने वाचलं आणि तो खो खो हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, तूच ठरव.

मी मुलींना एका खोलीत हलवलं होतं. तुमच्यासाठी पलंग आणला होता, खिडकीपाशी. त्या पलंगावर बसून मी ते पत्र किती वेळा वाचलं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. तुम्ही आला असता, आणि मला रात्री नीट झोप लागली असती.

बाबा, त्या रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. अँटेना प्लास्टिकच्या कवचात आहे, त्यावर तुम्ही धातूचं झाकण घातलं आहे. त्यातून काही आत जात नाही. रंग खरवडून काढा, टीव्ही लागेल. आणि आधी पाद्रीबुवांकडे जा.

पलंग राहू दे तिथेच.
रागवू नका.
तुमची,
यागोदा

कोमिझा, २० ऑक्टोबर

चि. यागोदा हिस,
अनेक आशीर्वाद.

खरवडला. बाई परत आली, पावडरीसकट. आंद्रोही आला. पाद्रीबुवांनी दुसरी बोट आधीच ठरवून ठेवली होती, तू बापाला ओळखतेस तेवढं तेही ओळखतात म्हणे.

संत निकोलाचा जाळ झाला की मी झाग्रेबला येतो आहे, नाताळ संपेपर्यंत. बोट आंद्रो सांभाळेल. शब्दासाठी आलो असतो तर रोज दाराकडे बघत बसलो असतो. आता यायचं कारण नाही, म्हणून येतो.

खिडकीला रंग लागत असेल तर सांग, डबा घेऊन येईन.
तुझा,
बाबा