खिडकीतला दिवा

पोदिल, कीव्ह
९ मार्च १८८९

प्रिय मेलाश्का,

देव तुला सुखात ठेवो. इकडे सगळं ठीक आहे, खोकला सोडला तर. तुझ्या शेळीचं पुढे काय झालं ते कळवलं नाहीस, म्हणून मला उगाच घोर. अक्षरं मोठी काढली आहेत. शाई पातळ आहे.

वरच्या शहरात एक जुनं चित्र मांडलंय. त्यात आपलं नदीकाठचं पोदिल आहे, चांदण्यातलं, मोठ्या पुराच्या आधीचं. शेजारचा त्रोखिम मला हात धरून घेऊन गेला. समोर गेलो आणि पाय मागे घेतला. काठावरून नदीत पडेन असं वाटलं. पाण्यावर चांदणं सांडलेलं, होड्या काळ्या, आणि उताराला आपलं घर, वाकड्या धुराड्याचं. पुराने नेलेलं घर. सगळे टोप्या काढून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्रोखिमबरोबर पुन्हा गेलो आणि तू भरतकाम केलेला पंचा नेला, देवाच्या तसबिरीवरचा. चित्राच्या चौकटीवर घातला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. पहारेकरी धावत आला.

"आजोबा, हे चर्च नाही."

"मग टोप्या कशाला काढल्यात?" मी म्हटलं.

त्रोखिम म्हणाला, "चित्रातलं ते घर त्याचंच आहे, साहेब. गप्प बसा, नाहीतर भाडं मागेल."

पहारेकरी हसला. "राहू द्या संध्याकाळपर्यंत."

बाबा मासे धरायला नदीवर गेले की आई खिडकीत दिवा ठेवायची. तू तेव्हा फार लहान होतीस, पुढे ते आठवत नाही म्हणून रडायचीस. मेलाश्का, मला चित्रातल्या त्या खिडकीत दिवा दिसला. पिवळा, एवढासा. त्रोखिमला विचारायचा धीर झाला नाही. तो नाही म्हणाला तर? हल्ली आकाशातला चंद्रही मला धुरकट दिसतो, आणि दिवा नसेल तिथे दिवे दिसतात. वैद्य म्हणतात, नजर उन्हाळ्यापर्यंत.

नदीतलं बर्फ फुटलं की पहिल्या आगबोटीने चित्र जाणार. रात्री बर्फ कडकडतं, मला झोप येत नाही. तू लगेच नीघ. बर्फावरून येऊ नकोस, वळसा पडला तरी पुलावरून ये. शेळी शेजारणीकडे ठेव.

माझ्याशेजारी उभी राहा आणि खिडकीत काय आहे ते खरं सांग. तुझं मी मानेन.

अजून चांदणं दिसतंय तोवर वाट बघणारा,
तुझा दादा ओमेल्को