वास्कोहून आणलेला बोल्ट

प्रिय बाबा,

तू गेल्यापासून तुला काही सांगायचं राहिलं असं खूपदा वाटलं, पण कागद घेऊन बसले ती आज. आज आई तुझ्या व्हॅनमधून म्हापशाला जाऊन आली. ही व्हॅन पुन्हा रस्त्यावर कोणी आणली, ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तू गेलास आणि पाच महिन्यांनी आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आठवड्यातून तीनदा तिला म्हापशाला व्यायामासाठी न्यावं लागतं. बसची पायरी चढवत नाही, रिक्षात धड बसता येत नाही. तुझ्या व्हॅनची सीट मात्र बरोबर तिच्या कमरेच्या उंचीची! आणि हीच व्हॅन भंगारात काढ म्हणून मी तुझ्या मागे लागले होते. तू नुसती काच पुसत राहिलास. तेव्हा राग आला होता, आता लाज वाटते.

गेल्या महिन्यात पुढचं उजवं चाक खडखडू लागलं. डिचोलीच्या प्रवीण मेकॅनिकने खाली शिरून पाहिलं. चाकाचा आर्म ज्या लांब बोल्टने सांगाड्याला जोडलेला असतो, तो गंजून आतच अडकला होता. कापूनच काढावा लागला. तसा नवा मिळेना, मॉडेलच कधीचं बंद झालंय. डिचोली, साखळी, म्हापसा, सगळीकडे तो तुकडा रुमालात गुंडाळून फिरले. एके ठिकाणी लांबी जुळली तर आटे जुळेनात. दुसरीकडे सगळं जुळलं, म्हणून आनंदाने घेऊन आले, तर प्रवीणने बोल्टच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथे मजबुतीचा आकडाच नव्हता.

“ह्यो घातलो तर गाडी चलात,” तो म्हणाला, “पण तुमच्या आवशीक तिच्यात बसवू नकात.”

दोन आठवडे आई घरीच राहिली. तिचा पाय पुन्हा जड पडू लागला. जनेलापाशी बसून ती रस्त्याकडे बघायची.

शेवटी प्रवीणनेच सांगितलं की कारापूरला एक म्हातारे फिटर आहेत, खाणीच्या ट्रकांवर काम केलेले. कुठला बोल्ट कुठल्या गाडीला चालतो ते त्यांना तोंडपाठ आहे. त्याने नाव सांगितलं. आपले सदूकाका!

किती वर्षं हे नाव आपल्या घरात कुणी काढलं नाही, बाबा? मुळगावच्या खाणीवर तुम्ही दोघे एका डब्यातलं जेवायचात. खाण बंद पडली तेव्हा मिळून गॅरेज काढायचं ठरलं, जागासुद्धा बघितली. आणि तू गुपचूप शाळेच्या बसवर नोकरी धरलीस. त्यात चूक नव्हती, आई आणि मी होतो ना तुझ्या मागे. पण त्यांना सांगायला तरी हवं होतंस! ते त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

मी घाबरतच गेले. ओळख सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं, माझं नाक तुझं आहे म्हणे. तुकड्याला आटे मोजायची पट्टी लावून ते म्हणाले, असाच बोल्ट एका जुन्या पिकअपला येतो, वास्कोत मिळेल. फोन करून खात्री केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने माझ्यासोबत स्वतः आले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

बसमध्ये मीच विषय काढला. तुझ्या वतीने माफी मागितली. तुला विचारायला तू होतास कुठे?

“नोकरेचा माका कायच नाय,” ते म्हणाले. “एक शब्द सांगल्यान असतो, तर मीच त्याका जा म्हटलंय असतंय.”

तू गेलास त्या दिवशी ते आपल्या वळणापर्यंत आले होते आणि तिथूनच परत फिरले. हे त्यांनीच सांगितलं. आले नाहीत म्हणून मी मनातल्या मनात त्यांना किती बोल लावले होते!

वास्कोत बोल्ट मिळाला, डोक्यावर आकडा असलेला, नव्या नटासकट. प्रवीण तो बसवत असताना काका शेजारी उभे होते. जॅक काढून व्हॅन चाकांवर उभी राहीपर्यंत त्यांनी त्याला शेवटचं आवळू दिलं नाही. चाक लटकत असताना आवळलं तर आतलं रबर पिळवटतं. हे त्यांना तूच शिकवलंस, असं त्यांनी मला सांगितलं.

आज म्हापशाला आई नुसत्या काठीवर अकरा पावलं चालली, बाबा. परत येताना मी तिला सदूकाकांचं सगळं सांगितलं. आजारपणापासून तिचे शब्द अडखळतात, पण हे स्पष्ट आलं: “सदूक जेवूक आपय.”

तेव्हा येत्या रविवारी मी कारापूरला जाऊन त्यांना जेवायला घेऊन येणार आहे. तू त्यांच्याशी जे बोलायचं टाळलंस, ते आईसमोर बसून मी बोलेन. आणि दिवाळीपर्यंत तिला पेडण्याला नेऊन तिच्या माहेरची पायरी तिच्याच पायांनी चढवीन, हा माझा शब्द.

तुझी,
मालू