दादाचं पेनिसिलिनचं वावडं

४ फेब्रुवारी

दादाच्या पायाचा अंगठा हाडापर्यंत सडलाय. तीन आठवडे तो मोज्यात लपवून हिंडत होता — निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचा पुतळा! साखर असलेल्या माणसाला जखम दुखत नाही म्हणे. पण वास? तो शेवटी वहिनींना आला. आज दाखल केलं.

डॉक्टरीणबाई तरुण, मोजकं बोलणाऱ्या. "पुवात जंतू साधाच निघालाय. पेनिसिलिनच्या घराण्यातलं इंजेक्शन सहा आठवडे दिलं तर अंगठा वाचेल."

वहिनींनी तत्काळ पर्समधून चिठ्ठी काढली. लॅमिनेट केलेली. "यांना पेनिसिलिनचं वावडं आहे." अशा तीन चिठ्ठ्या आहेत: एक त्यांच्या पर्समध्ये, एक दादाच्या पाकिटात, एक घरी फ्रिजवर. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण या एका बाबतीत त्यांनी ना डॉक्टरवर विश्वास टाकला, ना औषधवाल्यावर.

फाइलवर लाल अक्षरं उमटली. आता दुसरं औषध, सलाइनमधून, दिवसातून दोनदा. "ते मूत्रपिंडांना जड जातं. रक्त तपासत राहू," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. म्हणजे चेहरा चांगला आहे, त्यावरचा भाव आवडला नाही.

६ फेब्रुवारी

सिस्टर प्रत्येक बाटली लावण्याआधी विचारते — पूर्ण नाव काय? कुठल्या औषधाची ॲलर्जी?

"बाई, सकाळी जे नाव होतं तेच आहे."

"सर, हजेरी तुम्हीही रोजच घेत असाल ना?"

दादाने नाव सांगितलं. ॲलर्जीचं उत्तर वहिनींनी दिलं.

७ फेब्रुवारी

बाटली दीड तासात संपायला हवी. दादाने नळीवरचं चाक स्वतः फिरवलं आणि ती वीस मिनिटांत रिकामी होत आणली. मी शेजारी बसून आमच्याच वर्तमानपत्रातल्या चुका काढत होतो! वर पाहिलं तर दादाची मान, छाती, कान लालबुंद, आणि तो कराकरा खाजवतोय.

वहिनी किंचाळल्याच. "याचंही वावडं निघालं!"

सिस्टरने आधी चाक बंद केलं, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बोलली नंतर. "वावडं नाही, घाई. हे औषध धावत गेलं की माणूस असा लाल होतो. कुणी फिरवलं हे?"

दादाने उजवा हात हळूच चादरीखाली सरकवला. चोपन्न वर्षांत त्याची चोरी पकडली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

१० फेब्रुवारी

क्रिएटिनिन एकवरून एक पॉइंट सातवर. मूत्रपिंडं कुरकुरायला लागली.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "सर, पेनिसिलिननं नक्की काय झालं होतं? इंजेक्शननंतर किती वेळानं? श्वास लागला होता? ओठ सुजले होते?"

"पुरळ उठलं होतं. लहान होतो. आई सांगायची."

संपलं. पन्नासहून अधिक वर्षं आम्ही सगळे याच एका वाक्यावर चाललोय. संस्कृतच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं — प्रत्यक्ष पाहिलेलं एक प्रमाण, तर्काने काढलेलं दुसरं, विश्वासू माणसाचा शब्द हे आणखी एक. आमच्या घरात पहिली दोन कधी लागलीच नाहीत. आईचा शब्द होता ना! आणि मी बातमीदार. नगरपालिकेच्या गटाराची बातमी दोघांकडून खात्री केल्याशिवाय छापत नाही. ही मात्र आयुष्यभर तशीच छापली.

११ फेब्रुवारी

ताईला फोन लावला. ती आमच्यातली थोरली, तेव्हा बारा वर्षांची. दादा नऊचा. मी पाळण्यात, म्हणजे साक्षीदार म्हणून बाद.

"अरे, सगळं डोळ्यांपुढे आहे. घसा धरला होता त्याचा. गल्लीतले डॉक्टर रोज एक इंजेक्शन द्यायचे, कमरेत. पाच द्यायची होती. दोन झाली. तिसऱ्या दिवशी शाळेतून आला तो दोन्ही हात लालेलाल, कोपरापर्यंत."

"पोटावर? पाठीवर?"

"छे, हातांवरच. मीच तेल लावलं ना. का रे?"

"काही नाही. पुढे?"

"पुढे काय, आई तरातरा दवाखान्यात गेली. चारचौघांसमोर डॉक्टरांना नको नको ते बोलली. माझ्या पोराला विष टोचलं म्हणाली. लोक तिथे जायचे बंद झाले. वर्षभरात त्यांनी गाशा गुंडाळला. भले होते रे बिचारे."

हा शेवटचा भाग मला कुणी कधी सांगितलाच नव्हता.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "इंजेक्शन कमरेत आणि पुरळ फक्त हातांवर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषधाचं पुरळ सहसा अंगभर उठतं. आपण चाचणी करू. थेंबभर त्वचेत, मग थोडं थोडं वाढवत. उलट काही झालं तर लागणारं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार असेल, आणि मी समोर उभी राहीन. घरी, छोट्या दवाखान्यात, कुठेही हा प्रयोग करायचा नसतो. इथे करता येतो. पण सरांची सही हवी."

दादा म्हणाला, "नाही."

कारण? नाही. भीती वाटते? नाही. मग? "नाही म्हणजे नाही."

वहिनी माझ्यावरच उखडल्या. "भावोजी, इतकी वर्षं मी जिवापाड जपलं यांना. तुम्हाला तुमच्या शंका फेडायला माझाच नवरा सापडला?"

जपलंय, खरंच. म्हणून तर त्यांच्याशी भांडताही येत नाही.

१४ फेब्रुवारी

क्रिएटिनिन दोन पॉइंट दोन. आणि अंगठा काळा. सर्जन येऊन गेले. पायावर पेनाने रेघ मारली — अंगठ्याशी नाही, पार पाऊलभर आडवी.

माझा तोल सुटला. "पाऊल जाईल, मूत्रपिंडं जातील, आईचा शब्द तेवढा शिल्लक राहील! काय करणार त्याचं, चौकटीत लावणार?"

"तुझी बातमीदारी बाहेर कर," दादा म्हणाला. आवाज मुख्याध्यापकाचाच. पण नजर त्या रेघेवर.

दगडावर डोकं आपटावं, तर दगडाचा निदान टवका तरी उडतो.

१५ फेब्रुवारी

मी दादापुढे संत्रं सोलून ठेवलं. तसंच वाळलं.

१६ फेब्रुवारी

वहिनी अंघोळीला घरी गेल्या तेवढ्यात दादाने कागद मागवून सही केली. चाचणी उद्या सकाळी दहाला. मग म्हणाला, दार लोटून घे.

"पुरळ मी आणलं होतं. शाळेच्या कुंपणाची खाजरी पानं चोळली हातांना. त्या दिवसाची सुई चुकावी, एवढंच होतं डोक्यात. खरं सांगणार होतो. पण आई तोवर तिकडे पोचली होती."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"डॉक्टर गल्ली सोडून गेले त्या दिवशी मी रस्त्यात उभा होतो. सामान गाडीत चढवत होते. मला बघून थांबले. जवळ आले. म्हणाले — घसा बरा आहे ना रे आता?"