बंद पडलेल्या कारखान्यांची माणसं

२० सप्टेंबर २०२५, कतीफ

आजपासून मी बंदुकांचा डॉक्टर. जुबैलच्या प्लांटमध्ये इतकी वर्षं पाइपांचा गंज शोधला, मग प्लांटने माणसं कमी केली, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला आणि नाशिकहून बायको, मधू, रोज फोनवर विचारायला लागली की आता पुढे काय. तेवढ्यात या उमामाबाई भेटल्या. दम्मामच्या इस्पितळात डॉक्टर आहेत. वडील वारले, मागे समुद्राजवळचं हे घर आणि त्यांचा संग्रह राहिला. संग्रह कसला, तर फक्त सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइनचा. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, ती आखूड बंदूक. त्यातही बुडालेल्या, बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांच्याच. हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगाच नाही.

बाई हे सगळं रियाधच्या एका संग्रहालयाला देणार आहेत. समुद्राच्या दमट हवेने लोखंड खाल्लंय, तेवढं मी सुधारून द्यायचं. सगळ्यांच्या फायरिंग पिना, काडतुसावर आदळून गोळी उडवणाऱ्या, परवान्याच्या अटीप्रमाणे काढून पोलिसांकडे जमा आहेत. म्हणजे दात काढलेल्या म्हाताऱ्याच. राहायला हेच घर. आणि मुख्य म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मधू आणि सोनल येणार. पोरगी आठ वर्षांची झाली, तिने बाप पाहिला तो बहुतेक फोनच्या काचेतच. आज मी भलताच खूश आहे.

२५ सप्टेंबर

परवाच्या राष्ट्रीय दिनाचे हिरवे झेंडे अजून रस्त्यावर आहेत. काम मजेचं आहे. एक कार्बाइन बेल्जियममधल्या सायकलवाल्याची, एका हिवाळ्यापुरत्या बंदुका करून दिवाळं काढलेला. एक डेन्मार्कच्या शिलाई मशीनवाल्याची. सगळं हाताने कानस मारून बसवलेलं, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला चालत नाही. आतल्या बाजूला कुणा फिटरने आपली आद्याक्षरं ठोकलेली.

एक मात्र अर्धवट आहे. दस्त्यावर पकडीसाठी बारीक चौकडी कोरायला घेतली आणि मध्येच सोडली. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी कारागीर उठून गेला असावा. ज्याची त्याची मेहनत, आणि आज कंपनीचं नाव कुणाला ठाऊक नाही. प्लांटने काढलेला माणूस मी, मला ते पाहून भरून आलं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. नाशिकला बाबा लेथला हळदकुंकू वाहायचे, जुबैलला मी गुपचूप व्हर्नियरला वाहत असे. यंदा पुढ्यात खरीखुरी शस्त्रं. कपाटातून बारकं निरांजन, घंटा, समई काढली. कामाच्या बाकावर ती अर्धवट कार्बाइन मधोमध ठेवली, झेंडू मिळाला नाही म्हणून दारातली बोगनवेल वाहिली. आवाहन कुणाचं करायचं ते सुचेना. परदेशी बंदूक, तिची देवता कोण? शेवटी हात जोडून म्हटलं, ज्यांनी ही घडवली त्यांनीच यावं, इथे बसावं, पूजा घ्यावी. बरं वाटलं.

२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी उमामाबाईंचा फोन आला की संग्रहालयाची माणसं पाहायला येताहेत. फुलं झटकली, कार्बाइन उचलून घाईघाईने कपाटात ठेवली. ते लोक खूश होऊन गेले.

नंतर दस्ता पाहिला. चौकडी मला आठवत होती त्याहून थोडी पुढे सरकलेली वाटली. डोळे तपासायला हवेत.

५ ऑक्टोबर

डोळे ठीक आहेत. मी जेवायला उठतो, परत येतो तर काम झालेलं असतं. गंज गेलेला, स्क्रूंच्या खाचा नीट केलेल्या. आणि काय हात आहे, मला जन्मात जमणार नाही. उमामाबाईंनी तोंडभरून कौतुक केलं, मी ते निमूट घेतलं. भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी सोय वाटली.

८ ऑक्टोबर

आज एकीचा बोल्ट, नळीमागचा सरकता भाग, उघडला. आत फायरिंग पिन.

नवी, हाताने घासलेली. अजून कोमट होती. दुसरी उघडली, तिच्यातही. सगळ्यांत. ज्यांनी या घडवल्या त्यांना गंज काढण्यात रस नाही, त्यांना बंदुका पुऱ्या करायच्या आहेत. अर्धवट राहिलेलं काम.

पोलिसांना कसं सांगू? घरात कानस आहे, व्हाइस आहे आणि धातूंचा जाणकार एकटा मी. हे मी केलं नाही यावर कोण विश्वास ठेवेल? पिना काढल्या, समुद्रात फेकल्या.

१० ऑक्टोबर

पिना परत आल्या.

निरांजन सापडत नाही. घंटा नाही, समई नाही. बाकाखाली पितळेचा कीस पडलाय. अर्धवट कार्बाइनचा बोल्ट मागे ओढला तर काडतूस बाहेर पडलं. कवच पितळेचं. एका बाजूला समईची नक्षी पुसट दिसतेय.

दस्ता पुरा झालाय.

मधूला फोन करून म्हटलं, येऊ नका. मी कारण सांगेना म्हणून ती रडली. सोनलने बॅग भरून ठेवलीय म्हणाली. मग सगळं सांगून टाकलं. तिने विचारलं, उत्तरपूजा केली होती का? अक्षता टाकून हलवली होती का?

नव्हती. पूजा मांडून तशीच उचलली होती. बोलावलेल्यांना जा म्हणालोच नव्हतो.

११ ऑक्टोबर

स्वच्छ आंघोळ केली. कार्बाइन पुन्हा बाकावर ठेवली, अक्षता टाकल्या, लहानपणापासून म्हणतो ते म्हटलं, तिला जागेवरून हलवलं. खोलीतून बरीच माणसं एकदम उठून गेल्यासारखं झालं. रडलो मी.

१५ ऑक्टोबर

सगळं शांत. पिना आणि काडतूस समुद्रात. पुन्हा आलं नाही काही. मधूला म्हटलं, या. सोनलसाठी पलंगावर नवी चादर घातली.

१७ ऑक्टोबर

आल्या. विमानतळावर पोरगी आधी लाजली, मग मानेला लटकली ती सोडेना. जेवून आतल्या खोलीत झोपलीय.

भांडी आवरताना मधूने सहज विचारलं, उत्तरपूजेला काय म्हणालात? मी म्हटलं, नेहमीचंच. गणपतीला म्हणतो ते. पुनरागमनाय च.

तिच्या हातातलं ताट खाली पडलं. पुन्हा येण्यासाठी. जा म्हणताना मी त्यांना पुन्हा यायचं आमंत्रण दिलं.

टॅक्सी बोलावलीय. मधू बॅगा भरतेय. कामाच्या खोलीला कुलूप घातलंय, दाराला पाठ लावून बसलोय, किल्ली मुठीत आहे. टॅक्सी येईपर्यंत लिहितोय—

आत कानस चालू झाली.

आता थांबली. पावलं. पुष्कळ.

मधू हाका मारतेय. सोनल पलंगावर नाही म्हणते—

दाराच्या आतून पोरीचा आवाज येतोय. शाळेत टीचरशी बोलते तसं, नीट, इंग्रजीत. थँक यू अंकल म्हणाली. इट्स हेवी म्हणाली. विचारतेय, बोट कुठे ठेवायचं—

किल्ली फिरत नाही किल्ली